कोसळत्या सर्व्हरची शेवटची नोंद

जावात लिहिलेला सर्व्हर अचानक कोसळतो तेव्हा तो चालवणारी जावा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जेव्हीएम, बंद पडण्याआधी एक शेवटची फाइल लिहून ठेवते. बिघाड कोणता, कोडच्या कोणत्या ठिकाणी झाला, त्या क्षणी कोणते काम चालू होते, मेमरी किती उरली होती, ही सगळी माहिती त्या एका फाइलमध्ये असते. फाइलच्या नावाची सुरुवात ‘एचएस-एरर’ अशी होते आणि पुढे बंद पडलेल्या प्रोसेसचा क्रमांक येतो. एचएस ही हॉटस्पॉटची आद्याक्षरे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये आणलेले जेव्हीएमचे हे इंजिन. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली, तरी इंजिन तेच राहिले आणि ओपनजेडीकेवर आधारलेल्या बहुतेक जावा वितरणांत आजही तेच चालते. शेवटची फाइल कुठे लिहायची हे सांगणारी एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालता येते. ती घातलेली नसेल तर जागा जेव्हीएम स्वतः ठरवते आणि तिने ठरवलेली जागा सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या सोयीची क्वचितच असते.

सर्व्हरमध्ये रोज होणाऱ्या चुका वेगळ्या आणि ही चूक वेगळी. ग्राहकाने चुकीची तारीख टाकली, डेटाबेसने वेळेत उत्तर दिले नाही, हवी ती फाइल सापडली नाही, अशा प्रसंगी जावाचा प्रोग्राम अपवाद, म्हणजे एक्सेप्शन, नोंदवतो आणि पुढचे काम हाती घेतो. ही नोंद लॉगफोरजे किंवा लॉगबॅक यांसारख्या लायब्ररीमार्फत नेहमीच्या लॉगमध्ये जाते. जीवघेणा बिघाड प्रोग्रामच्या खालच्या थरात होतो. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली एखादी नेटिव्ह लायब्ररी आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावते, जावा कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच दोष असतो, ऑपरेटिंग सिस्टमकडून आणखी मेमरी मिळत नाही, क्वचित रॅमची चिपच खराब झालेली असते. यांतल्या बहुतेक प्रसंगी लिनक्सचा कर्नल प्रोसेसला सिग्नल पाठवतो. सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे ११ क्रमांकाचा सिगसेगव्ह. मेमरीत जोडलेल्या फाइलच्या डिस्कवर जागा संपली किंवा ती फाइल कोणी मध्येच छोटी केली, तर सिगबस येतो.

सिगसेगव्ह आला की जेव्हीएम कोसळलीच असे मात्र नाही. हॉटस्पॉट हा सिग्नल जाणूनबुजून वापरून घेते. रिकाम्या संदर्भाला हात लागला की अनेकदा आधी सिगसेगव्हच येतो. तो अपेक्षित ठिकाणाहून आला आहे हे ओळखून जेव्हीएम त्याचे नलपॉइंटर एक्सेप्शनमध्ये रूपांतर करते आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. सिग्नल अनपेक्षित ठिकाणाहून आला, तरच जेव्हीएम हार मानते आणि शेवटची फाइल लिहायला घेते.

नेहमीच्या लॉगची सेटिंग इथे कामाला येत नाही, त्याचे कारण यातच आहे. लॉगफोरजे हासुद्धा जावा कोडच, आणि तो चालवणारे यंत्रच मोडून पडलेले असते. म्हणून एचएस-एरर फाइल लिहिण्याचे काम जेव्हीएमच्या आतला, सी प्लस प्लसमधला, अगदी थोड्या गोष्टींवर विसंबणारा भाग करतो. तो टप्प्याटप्प्याने लिहीत जातो. एखादा टप्पा लिहितानाच पुन्हा बिघाड झाला, तर त्या जागी अहवाल लिहिताना चूक झाल्याची एक ओळ टाकतो आणि पुढच्या टप्प्याकडे वळतो. मेमरीची मोडतोड झालेली असतानाही हाती लागेल तेवढे वाचवायचे, असा हा बाणा आहे. अहवालाला वेळेची मर्यादाही आहे: जावा ९ पासून सगळा अहवाल १२० सेकंदांत आटोपला नाही, तर जेव्हीएम तो अर्धवट सोडून देते.

फाइल उघडली की सुरुवातीच्या ओळी # या चिन्हाने सुरू झालेल्या दिसतात. जावा रनटाइमला जीवघेणी चूक आढळली, असे पहिल्या वाक्यात सांगितलेले असते. त्याखाली सिग्नलचे नाव, कोडमधला पत्ता, प्रोसेसचा आणि थ्रेडचा क्रमांक. मग जावाची नेमकी आवृत्ती. त्यानंतर येणारी ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’ ही ओळ सर्वांत मोलाची, आणि त्या ओळीच्या आरंभीचे एकच रोमन अक्षर तपासाची दिशा ठरवते. तिथे सी असेल तर बिघाड नेटिव्ह लायब्ररीत झालेला असतो आणि त्याच ओळीत तिचे नाव मिळते. मोठा व्ही असेल तर तो जेव्हीएमच्या स्वतःच्या कोडमध्ये असतो. मोठा जे दिसला तर कंपाइल झालेला जावा कोड चालू होता, लहान जे दिसला तर तोच कोड इंटरप्रिटरकडून चालवला जात होता. यापुढे कोसळलेल्या थ्रेडचा स्टॅक, प्रोसेसरच्या रजिस्टरांतील आकडे, बाकीच्या थ्रेडची यादी, हीपची स्थिती, लोड झालेल्या लायब्रऱ्या, जेव्हीएम सुरू करताना दिलेले पर्याय, आणि अखेरीस ऑपरेटिंग सिस्टम, प्रोसेसर व मेमरी यांचा तपशील येतो. एवढे सगळे असूनही फाइल किलोबाइटमध्ये मोजण्याइतकी लहान असते. ईमेलला जोडून पाठवता येणारा इतका आटोपशीर आणि इतका माहितीपूर्ण पुरावा दुसरा नाही, म्हणून तो हरवतो तेव्हा नुकसान मोठे असते.

तो हरवतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. काहीच सांगितलेले नसेल तर जेव्हीएम फाइल चालू डिरेक्टरीत, म्हणजे प्रोसेस ज्या डिरेक्टरीत उभी असते तिथे, लिहायला जाते. तिथे परवानगी नसेल किंवा फाइल तयार होत नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टमच्या तात्पुरत्या डिरेक्टरीकडे वळते. लिनक्सवर ही डिरेक्टरी म्हणजे रूटखालची टेम्प. विंडोजवर ती टीएमपी आणि टेम्प या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ठरते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ही व्यवस्था छान चालते, कारण तो स्वतःच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभा राहून प्रोग्राम चालवत असतो आणि फाइल त्याच्या डोळ्यांसमोर येऊन पडते.

सर्व्हरवरची परिस्थिती निराळी. आजच्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर सेवा सुरू करण्याचे काम सिस्टमडी करते. चालू डिरेक्टरी वेगळी नेमून दिली नसेल तर सिस्टमडी प्रत्येक सिस्टम सेवा थेट रूट डिरेक्टरीत उभी करते. सुरक्षिततेसाठी सेवा साध्या युजरच्या नावाने चालवलेली असते आणि त्या युजरला रूट डिरेक्टरीत लिहिण्याची मुभा नसते. फाइल टेम्पकडे जाते. पुष्कळ सेवांच्या व्याख्येत प्रायव्हेटटेम्प हा पर्याय चालू असतो. त्यामुळे सेवेला सगळ्यांची टेम्प न दिसता तिच्यापुरती बनवलेली खासगी टेम्प दिसते. फाइल या खासगी टेम्पमध्ये लिहिली जाते. सेवा थांबली की सिस्टमडी ही डिरेक्टरी तिच्यातल्या सगळ्या फायलींसह काढून टाकते, आणि कोसळलेली सेवा आपोआप पुन्हा सुरू होतानाही तिला कोरी टेम्प मिळते. जेव्हीएमने आपले काम चोख केलेले असते, सिस्टमडीनेही केलेले असते, आणि पुरावा काही सेकंदांत नाहीसा झालेला असतो. दुसऱ्या दिवशी शोधणाऱ्याला वाटते की फाइल लिहिलीच गेली नाही.

प्रायव्हेटटेम्प नसले तरी टेम्प ही भरवशाची जागा नव्हेच. पुष्कळ लिनक्स प्रणाली तिथल्या जुन्या फायली ठरावीक दिवसांनी साफ करतात. सिस्टमडीने त्यासाठी मुळात १० दिवसांची मुदत सुचवलेली आहे. फेडोरावर बरीच वर्षे टेम्प डिरेक्टरी रॅममध्येच ठेवली जाते आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून नव्याने बसवलेल्या डेबियनवरही तसेच असते. म्हणजे मशीन रीस्टार्ट केले की सगळे गेले. कोसळलेल्या सर्व्हरवर पहिला उपाय म्हणून मशीनच रीस्टार्ट करण्याची सवय किती ठिकाणी आहे, हे या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. विंडोज सर्व्हिसची चालू डिरेक्टरी बहुधा विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये असते आणि तिथे कोणी लॉग शोधायला जात नाही.

उपाय एका ओळीचा आहे. जेव्हीएम सुरू करताना ‘एररफाइल’ नावाचा पर्याय द्यायचा. आधी उणे चिन्ह, मग दोनदा एक्स, कोलन, एररफाइल, बरोबरचे चिन्ह, आणि शेवटी रूटपासूनचा पूर्ण मार्ग व फाइलचे नाव. नावात टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे लहान रोमन पी लिहिला की तिथे प्रोसेसचा क्रमांक भरला जातो, त्यामुळे दर वेळी नवी फाइल तयार होते. हा पी गाळला तर नाव कायम एकच राहते आणि नव्या अहवालाखाली जुना पुसला जातो. पहिला अपघात कळण्याआधी दुसरा झाला, की तपासाला दुसराच उरतो.

डिरेक्टरी आधीच तयार हवी, कारण जेव्हीएम ती स्वतः बनवत नाही. सेवा ज्या युजरच्या नावाने चालते त्याला तिथे लिहिण्याची परवानगी हवी. डिस्कवर जागाही हवी. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर फाइलचे नाव उमटते आणि आत काहीच नसते, असेही घडते. दिलेली जागा वापरता आली नाही तर जेव्हीएम तक्रार न करता चालू डिरेक्टरी आणि मग टेम्प या जुन्याच वाटेने जाते. या गोष्टी सर्व्हर कोसळेपर्यंत उघड होत नाहीत, आणि सगळी अडचण तिथेच आहे: पर्याय लिहिलेला दिसतो, म्हणून काम झाले असे वाटते.

ओळ कुठे घालायची हे सर्व्हरवर अवलंबून असते. टॉमकॅटमध्ये बिन फोल्डरात सेटएन्व्ह नावाची स्क्रिप्ट तयार करून तिच्यातल्या कॅटॅलिना ऑप्ट्स या व्हेरिएबलमध्ये ती घालावी. शेजारचे जावा ऑप्ट्स हे व्हेरिएबल टॉमकॅट थांबवण्याच्या आज्ञेलाही लागू होते, म्हणून अशा पर्यायांसाठी पहिलेच योग्य. इलॅस्टिकसर्चने हा प्रश्न वापरणाऱ्यावर सोडलेला नाही; त्याच्या जेव्हीएम ऑप्शन्स फाइलमध्ये ही ओळ मुळातच दिलेली असते आणि लिनक्सच्या पॅकेजमधून बसवल्यास अहवाल इलॅस्टिकसर्चच्या लॉगच्या डिरेक्टरीत पडतो. सर्व्हर बनवणाऱ्या प्रत्येकाने उचलावी अशी ही पद्धत आहे. ज्या सर्व्हरला अशी खास फाइल नाही, त्याच्यासाठी जावा टूल ऑप्शन्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यातले पर्याय जेव्हीएम सुरू होतानाच वाचते.

आज्ञा हाताने लिहिताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होते. पहिले म्हणजे पर्यायाची जागा. उणे जार आणि जार फाइलचे नाव यांच्यानंतर लिहिलेली प्रत्येक गोष्ट जेव्हीएमला न मिळता प्रोग्रामला मिळते. एररफाइल त्यानंतर लिहिले तर सर्व्हर सुरळीत सुरू होतो, पर्याय मात्र वाया जातो. स्पेलिंग चुकले असते तर बरे, कारण अनोळखी पर्याय दिसताच जेव्हीएम सुरूच होत नाही आणि चूक लगेच कळते. दुसरी घसरण टक्क्याच्या चिन्हाची. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये टक्क्यापुढच्या पीला स्वतःचा अर्थ आहे: तिथे सेवेचे नाव भरले जाते. जेव्हीएमपर्यंत पी पोचतच नाही, तिला आधीच भरलेले नाव मिळते, आणि प्रत्येक अपघाताचा अहवाल त्याच एका नावाने लिहिला जातो. युनिट फाइलमध्ये टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहिले की हा घोळ टळतो. विंडोजच्या बॅच फाइलमध्येही तेच करावे लागते. सिस्टमडीवर आणखी एक सोय आहे. युनिटमध्ये लॉग्जडिरेक्टरी हा पर्याय दिला, की सेवा सुरू होण्याआधी व्हार-लॉगखाली त्या सेवेची डिरेक्टरी योग्य मालकीसह तयार होते. डिरेक्टरी आणि परवानगी या दोन्ही अटी त्याने एकदम पुऱ्या होतात.

कंटेनरच्या जगात अडचण पुन्हा नव्या रूपात समोर येते. डॉकरमध्ये चालणाऱ्या मुख्य प्रोसेसचा क्रमांक साधारणपणे १ असतो, त्यामुळे नावात पी असला तरी प्रत्येक कंटेनरच्या अहवालाचे नाव एकच. शिवाय कंटेनर काढून टाकला की त्याच्या आतल्या डिस्कवरचे सगळे जाते. कुबरनेटीजमध्ये एम्प्टीडिर प्रकारचा व्हॉल्यूम जोडला तर कंटेनर कोसळून पुन्हा सुरू झाला तरी फाइल टिकते, पण पॉडच हटवला की तीही जाते. टिकाऊ व्हॉल्यूम जोडून फाइलच्या मार्गात पॉडचे नाव घालणे हा खात्रीचा रस्ता. ते शक्य नसेल तर २०१९ च्या जावा १३ मध्ये आलेले दोन पर्याय उपयोगी पडतात. त्यांच्या आधारे सगळा अहवाल फाइलऐवजी स्टँडर्ड आउटपुटवर किंवा स्टँडर्ड एररवर छापला जातो. कंटेनरांचे आउटपुट एका जागी गोळा करण्याची व्यवस्था असेल तर अहवालही तिथे पोचतो, मात्र त्याच्या शेकडो ओळी इतर नोंदींत मिसळलेल्या असतात.

अहवाल मुळातच लिहिला जात नाही असे प्रसंगही आहेत, आणि ते माहीत नसतील तर फाइल शोधण्यात दिवस जातो. जावाची हीप भरून येणारा आउट ऑफ मेमरी एरर हा जेव्हीएमच्या लेखी अपघात नव्हे. तिथे हीपचा डंप घेण्याचा पर्याय आणि त्याच्या मार्गाचा पर्याय वेगळे द्यावे लागतात. मशीनची मेमरी संपल्यावर लिनक्सचा कर्नल एखादी प्रोसेस स्वतः मारतो, तेव्हा तो ९ क्रमांकाचा सिगकिल पाठवतो. हा सिग्नल कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे जेव्हीएमला एक अक्षरही लिहायला वेळ मिळत नाही. त्याची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये सापडते, आणि कंटेनर १३७ या आकड्यासह बंद झालेला दिसतो. कोअर डंप हाही वेगळा प्रकार: ती प्रोसेसच्या संपूर्ण मेमरीची प्रत, आकाराने कित्येक गिगाबाइट, आणि ती कुठे जाते हे जेव्हीएमच्या हाती नसून कर्नलच्या कोअर पॅटर्न या सेटिंगच्या हाती असते.

इतर सर्व्हरांनी हा प्रश्न आपापल्या रीतीने सोडवला आहे. एनजिनएक्समध्ये मुख्य प्रोसेस जिवंत राहते आणि कोसळलेल्या वर्करचा सिग्नल नेहमीच्या एरर लॉगमध्ये लिहिते. मायएसक्यूएलचा सर्व्हर मरताना आपला स्टॅक स्वतःच्या एरर लॉगमध्येच छापतो. नोडजेएसमध्ये जीवघेण्या चुकीवर अहवाल लिहिण्याचा आणि त्याच्या डिरेक्टरीचा पर्याय आहे, पण तो चालू करावा लागतो.

फाइल नेमक्या जागी पडू लागली की ती कोण वाचू शकतो याचाही विचार हवा. अहवालात जेव्हीएमची संपूर्ण आज्ञा असते. डेटाबेसचा पासवर्ड आज्ञेतच दिलेला असेल तर तोही तिथे उघडा दिसतो. रजिस्टर आणि स्टॅक यांच्या आसपासच्या मेमरीचे तुकडेही छापलेले असतात. त्यामुळे डिरेक्टरी सेवेचा युजर आणि अॅडमिन यांच्यापुरतीच खुली ठेवावी, आणि अहवाल बाहेरच्या कोणाला पाठवण्याआधी वाचून काढावा.

चालू सर्व्हरला पर्याय लागू झाला आहे का, हे जावासोबत येणाऱ्या जेसीएमडी या साधनाने पाहता येते. प्रोसेसचा क्रमांक आणि व्हीएम फ्लॅग्ज ही आज्ञा दिली की दिलेले पर्याय समोर येतात. जागा बदलायची असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करावाच लागतो, चालू असताना हा पर्याय बदलत नाही. पण डिरेक्टरी, परवानगी, टक्के, व्हॉल्यूम ही सगळी साखळी एकदम तपासायची तर चाचणीच्या सर्व्हरवर किल आज्ञेने ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवून जेव्हीएम मुद्दाम पाडावी. अहवाल लिहिताना जेव्हीएम त्याचा पूर्ण मार्ग स्टँडर्ड आउटपुटवरही छापते. तो टॉमकॅटच्या कॅटॅलिना डॉट आउटमध्ये किंवा सिस्टमडीच्या जर्नलमध्ये सापडतो आणि ठरवलेल्या जागेशी ताडून पाहता येतो. मुद्दाम पाडलेल्या जेव्हीएमचा अहवाल खऱ्या अपघातात मिसळण्याची भीती नाही. त्यातल्या सिगइन्फोच्या ओळीत सिग्नल एका युजर प्रोसेसने पाठवल्याची खूण असते आणि पाठवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांकही.